पांढरी पाचच्या जरा वर

बाबा, माझ्या टेबलावर एक लाल रंगाचा डबा आहे आणि तुम्ही असता तर तो आतापर्यंत उघडला गेला असता. आधी तुम्ही तो हातावर घेऊन वजन बघितलं असतं, मग उलटा केला असता, मग खालचे स्क्रू बघून माझ्याकडे न बघताच हात पुढे केला असता आणि मी पेचकस आणून त्या हातावर ठेवला असता. आपल्या घरात स्क्रूड्रायव्हरला पेचकसच म्हणायचे. आईची मराठी अगदी सदाशिव पेठेतली, पण हत्यारांची नावं सगळी भोपाळची. मी काही तो डबा उघडलेला नाही. एक तर तो माझ्या मुलाचा आहे, आणि दुसरं म्हणजे उघडून मला काय कळणार. पण गेले काही दिवस या डब्याने मला जे कामाला लावलंय, त्यात मला सारखे तुम्हीच आठवता, आणि शेवटी तर तो थेट तुमच्यापाशीच येऊन थांबला. म्हणून हे लिहितेय.

याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. अर्ध्या विटेएवढा असतो. समोर मायक्रोफोनची वायर खुपसायची जागा, आवाज कमीजास्त करायला दोन गोल बटणं, आणि मागून एक यूएसबीची वायर निघते ती कॉम्प्युटरमध्ये जाते. आपण मायक्रोफोनसमोर बोललो की आवाजाची वीज होते, ती या डब्यात शिरते, आणि डबा तिचे बारीक बारीक काप करून प्रत्येक कापाला एक आकडा देतो. कॉम्प्युटरला फक्त ते आकडे कळतात. परत ऐकायचं झालं की सगळा प्रवास उलटा. तुम्ही विचाराल, कॉम्प्युटरला स्वतःचे कान नाहीत का, मध्ये हा दलाल कशाला? आहेत ना, पण सर्दी झालेले. मी एकच उतारा आधी नुसत्या कॉम्प्युटरवर वाचला आणि मग या डब्यातून वाचला. पहिल्यात मी शेजारच्या खोलीतून तोंडावर पदर धरून बोलतेय असं वाटतं. दुसऱ्यात माझे ओठ एकमेकांपासून सुटतात तेही ऐकू येतं, आणि मी वाक्याच्या मध्येच श्वास घेते ही माझी खोडही. हे असलं सगळं मी कशाला करते, तर निवृत्त झाल्यापासून मी दृष्टिहीन मुलांच्या एका संस्थेला शाळेची पुस्तकं वाचून देते. सिंचन विभागात सगळा जन्म टिपणं लिहिण्यात गेला, ती कुणी मोठ्याने वाचली नाहीत. आता नेहरू नगरच्या घरात आतल्या खोलीला गाद्या टेकवून मी सातवीचा भूगोल मोठ्याने वाचते आणि मला फार बरं वाटतं.

डबा मुलाने पुण्याहून पाठवला, त्याचा जुना. कॉम्प्युटर नवा. आणि इथे सगळी गंमत सुरू झाली. डबा आणि कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलत नाहीत, त्यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक दुभाषा लागतो. तो दुसरा कुणी नाही, कॉम्प्युटरमध्ये घालायचा एक प्रोग्रॅमच. पण डबा बनवणाऱ्यांनी या जुन्या डब्यासाठी नवीन कॉम्प्युटरला चालेल असा दुभाषा काढायचं केव्हाच सोडून दिलंय. कॉम्प्युटरकडे स्वतःचा एक असतो, सगळ्यांशी जेमतेम बोलणारा, सरकारी. त्याच्या भरवशावर मी अख्खा धडा वाचला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी संस्थेतून फोन. तिथे ध्वनिमुद्रणं तपासायला एक बाई आहेत, त्या स्वतः दृष्टिहीन आहेत आणि बोलायला फटकळ. म्हणाल्या, "मैडम जी, आपकी ट्रेन छूट रही थी क्या? पूरा पाठ भागते-भागते पढ़ा है। और आवाज़ भी चढ़ी हुई है।" मी म्हटलं, मी तर अगदी सावकाश वाचलंय. त्या म्हणाल्या, "आराम से पढ़ा होगा, पर सुनाई तो स्कूल की बच्ची दे रही है।"

मी लावून ऐकलं. खरंच, कुणीतरी पंधरा वर्षांची मुलगी घाईघाईने नर्मदेच्या खोऱ्याबद्दल सांगत होती. मला हसू आलं आणि मग मला चैन पडेना. माझा आवाज बदलला कुणी? मुलाला फोन केला, त्याने कुठे कुठे काय बघायचं ते सांगितलं, आणि दोन दिवस घालवून मला कारण सापडलं. एका सेकंदाचे किती काप करायचे, यावर डब्याचं आणि कॉम्प्युटरचं एकमत नव्हतं. डबा कमी काप करत होता. कॉम्प्युटर समजत होता की काप जास्त आहेत, म्हणून तो ते भराभर वाजवत होता. भराभर वाजवलं की आवाज पातळ होतो आणि वर चढतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, बाबा, फक्त दुभाषाने दोघांना हे विचारलंच नव्हतं. मी एका ठिकाणचा आकडा बदलला आणि माझा म्हातारा आवाज मला परत मिळाला. तुम्हाला हे मी खुर्चीच्या टोकावर बसून सांगितलं असतं आणि तुम्ही "अस्सं" म्हणाला असता. नव्या गोष्टीला तुमचं हे एकच प्रशस्तिपत्र होतं.

पण त्या बाईंचा एक शब्द डोक्यात राहिला. चढ़ी हुई. हा शब्द मी पूर्वी एकदा माझ्याबद्दल ऐकला होता, आणि तुम्ही तेव्हा तिथे होता.

मी लहान असताना तुमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मराठी मंडळाच्या खोलीत गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या यजमानांची बदली झाली तेव्हा मी अकरा वर्षांची असेन. सामान बांधायच्या गडबडीत त्या आपल्या क्वार्टरवर आल्या, त्यांचा लहान तंबोरा तुमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ट्रकमध्ये फुटेल हा. हिच्यासाठी ठेवा. हिची पट्टी पांढरी पाच. रोज लावून द्या, ही गाईल." तुम्ही त्यांच्या घरी जाऊन पेटीवरची ती पाचवी पांढरी पट्टी दाबून ठेवून बराच वेळ ऐकलीत. पेटी बाईंबरोबर गेली. आपल्याकडे पेटी नव्हती, सूर दाखवणारं काहीच नव्हतं, होता तो फक्त तुमचा कान. तुम्ही कधी गाणं शिकला नव्हता, पण तंबोरा लावायला मात्र बाईंकडून असे शिकलात की मंडळात लोक नवल करायचे. सकाळी कारखान्याच्या पहिल्या भोंग्याच्या आधी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात चटईवर बसला आहात, तंबोरा मांडीवर आडवा. आत आई डबा भरतेय. तुम्ही खुंटी पिळता, तार छेडता, मान वाकडी करून ऐकता, मग घोडीच्या पुढचा मणी नखाने इतकासा सरकवता. आई म्हणते, "अहो, पोळी गार होतेय." तुम्ही हात वर करता, म्हणजे थांब. मग एका क्षणी चारही तारा एक होतात, आणि तुम्ही माझ्याकडे तंबोरा देऊन पोळी खायला उठता. पाच वर्षं मी त्या सुरात गायले. माझ्या अंगात दुसरा सा नव्हताच.

तुमची एक रीत होती, ती मी आता पुन्हा नीट आठवते आहे. तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये होता आणि तिथला नियम घरीही चालायचा: पुन्हा तपासल्याशिवाय निकाल सांगायचा नाही. मिक्सर दुरुस्त केलात तेव्हा आईने विचारलं, झाला का? तुम्ही बटण पुन्हा दाबून बघितलंत. तिने चिडून दोनदा विचारलं. तुम्ही तो रोज थोडा थोडा चालवत राहिलात, हात लावून गरम होतो का बघत राहिलात, आणि आठवड्याने, आम्ही विसरून गेल्यावर, जेवताना म्हणालात, "झालाय." मधल्या काळात आई खलबत्त्यात चटणी वाटत होती. ती म्हणायची, "यांच्या पोटातलं बाहेर काढायला यांनाच खोलावं लागेल." आपण हसायचो, तुम्हीसुद्धा.

सोळाव्या वर्षी मी रेडिओच्या स्वरचाचणीला गेले. फॉर्मवर पट्टी विचारली होती, तुम्ही पांढरी पाच सांगितलीत. तिथे त्यांचे वादक होते, त्यांनी त्यांचा तंबोरा लावून ठेवलेला. मी काचेच्या आड बसले, डोळे मिटले आणि भूप सुरू केला. पहिल्या आलापाला मी बरोबर होते, हे मला आठवतं. मग हळूहळू काहीतरी ओढायला लागलं. तंबोरा मला खाली धरून ठेवतोय आणि माझं घर जरा वर आहे, असं काहीसं. मी घराकडे जात राहिले. काचेपलीकडून आवाज आला, "बेटा, सुर चढ़ रहा है। तानपुरा सुनो।" मी ऐकलं, खाली आले, आणि पुन्हा वर गेले. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी डोळे उघडले. परीक्षक वाईट नव्हते. बाहेर बाकावर तुम्ही बसला होता, तुमच्याशी ते अदबीने बोलले, "बच्ची की आवाज़ बहुत अच्छी है। कान कच्चा है।" तुम्ही नमस्कार केलात. येताना स्कूटरवर मी तुमच्या पाठीमागे बसून वाट बघत होते की तुम्ही काहीतरी बोलाल, त्यांचा तंबोरा खराब होता म्हणाल, पुढच्या वर्षी म्हणाल. टाउनशिपच्या फाटकाशी तुम्ही गाडी हळू केलीत आणि म्हणालात, "तुझा सूर चढत होता." बस, एवढंच.

घरी येऊन तुम्ही तंबोऱ्याच्या तारा सैल केल्यात, त्याला जुन्या चादरीत गुंडाळलंत आणि माळ्यावर ठेवलंत. मी दारातून बघत होते. मी जो अर्थ लावला तो कुठल्याही सोळा वर्षांच्या मुलीने लावला असता. माझ्या वडिलांनी माझी तपासणी केली आणि मला नापास मालाच्या ढिगात टाकलं. त्यानंतर मी गायले नाही. गणपतीत आरतीलाही मी नुसते ओठ हलवायची. लग्नात सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला कान नाही, आणि हे मी इतक्या सहज म्हणायला शिकले की त्यात काही दुखतंय हे मलाही कळेनासं झालं. चाळीसेक वर्षं मी कान नसलेली बाई म्हणून जगले. दुसऱ्यांचं गाणं ऐकताना चुकीचा सूर मला सगळ्यांच्या आधी टोचायचा, तरी मी स्वतःला सांगायची, तुला काय कळतंय त्यातलं.

तर आवाजाचं चढणं दुरुस्त झालं आणि मी धडा पुन्हा वाचून पाठवला. पुन्हा फोन. "मैडम जी, अब आवाज़ आपकी है। पर पीछे मधुमक्खी कौन पाल रखी है?" मी कानावर हेडफोन घातला, मायक्रोफोनचं बटण खाली केलं आणि ऐकण्याचं बटण वर नेलं. खरंच होती. एक बारीक, जाड बुडाची, न थांबणारी घूं. मुलगा म्हणाला, ती घरातल्या विजेची आहे, अर्थिंगच्या वायरीतून फिरून डब्यात शिरते, लॅपटॉपचा चार्जर काढला की जाते. मी म्हटलं, थांब. मला ती ऐकायची होती. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी डोळे मिटून ऐकत बसले, आणि बाबा, काही ठरवलं नसताना माझ्या तोंडून सा निघाला. तो त्या घूंवर असा बसला की मला स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येईना. स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही तंबोरा माझ्याकडे द्यायचात आणि मी पहिला सा लावायची, तस्साच. पोळीचा वास तेवढा आला नाही.

मग माझ्यातली सिंचन विभागवाली जागी झाली. मोबाईलवर सूर मोजायचं एक ॲप घेतलं आणि त्याला ती घूं ऐकवली. काटा पांढरी पाचच्या जरा वर उभा राहिला, त्याच्या वरची पट्टी, काळी चार, अजून बरीच दूर. नंतर घूं बंद करून मी नुसता माझा सा म्हटला, पाणी पिऊन पुन्हा म्हटला, सकाळी उठून पुन्हा म्हटला. काटा दर वेळी तिथेच. पांढरी पाचच्या जरा वर. रेडिओवरच्या तंबोऱ्यापेक्षा तेवढाच वर, जेवढं मला ओढलं जात होतं. ज्या बाईला कान नाही तिचा सा इतक्या वर्षांनी, न गाता, एकाच जागी कसा उभा राहतो? आणि विजेच्या सुरात माझा सा आला कुठून? हा प्रश्न तुम्हाला विचारायचा होता. तुम्ही नाही, म्हणून मी इथल्याच, मूळ नागपूरच्या म्हणून आपण ज्यांना नागपूरचे काका म्हणायचो, त्यांच्याकडे गेले.

ते तुमच्याच टेस्टिंगमधले, तुमच्या हाताखालचे, आता हबीबगंजच्या पलीकडे मुलाकडे राहतात. स्टेशनचं नाव बदललं तरी मी रिक्षावाल्याला हबीबगंजच सांगितलं आणि त्यानेही तेच ऐकलं. काका आता वाळलेत, पण आवाज तोच, टेस्टिंगच्या हॉलमध्ये ओरडून बोलायची सवय गेली नाही. मी डब्यापासून सुरुवात केली तर ते मध्येच म्हणाले, "एवढ्या वर्षांनी हे काय शोधून राहिली तू? अगं, ट्रान्सफॉर्मरला वीज दिली की तो बोलतो. गावातल्या विजेचा सूर वर-खाली व्हायचा तेव्हा, कधी दिवे मंद, कधी पंखे जोरात. पण आमच्या हॉलला आमचा जनरेटर. तिथला सूर हलायचा नाही. दिवसभर एकच, आता तुझ्या घरच्या विजेचा आहे तोच. तुझे बाबा त्याच्यावर गायचे ना!"

"गायचे?" मी विचारलं. तुम्ही गाता हे मला माहीत नव्हतं.

"गुणगुणायचे. ट्रान्सफॉर्मर चालू झाला की साहेब सूर धरायचे. आम्ही म्हणायचो, साहेब, टेस्टिंग आहे का भजन आहे? त्यांचं बघून सगळा हॉल लागला. मी पण. घरी माझी बायको म्हणायची, काय भुंग्यासारखं करून राहिले तुम्ही." ते हसले. "ते तुझ्या रेडिओनंतर बंद झालं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आले, मशीन चालू झाली, आणि हे हातात चहा घेऊन तसेच उभे. मी म्हटलं, काय झालं साहेब? म्हणाले, 'हाच आहे. मी पोरीला हाच सा देऊन बसलो. रेडिओचा खाली होता, तोच खरा होता.' त्यांनी म्हणे सुरुवातीला बरोबर लावला असेल, पण दिवसभर हे कानात, तर हळूहळू त्यांचा कानच वर सरकला आणि त्यांना पत्ता नाही. मग लागले मागे, मला टेस्टिंगमधून काढा, स्टोअरमध्ये टाका."

मी म्हटलं, आम्हाला तर म्हणाले की आवाज सहन होत नाही.

"तेच तर! म्हणाले, 'या मशीननं माझा कान धरून ठेवलाय, तो आधी रिकामा केला पाहिजे.' मी म्हटलं, साहेब, कान काय बादली आहे का रिकामा करायला? टेस्टिंग सोडून कोणी नट-बोल्ट मोजायला जाते का? तर म्हणाले, 'तिथे शांत असते.'" काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत नव्हतं का हे? मला वाटलं, घरी तर सांगितलंच असेल."

नव्हतं माहीत, बाबा. तुमची ती बदली आपल्या घरात कशी गाजली होती! आई आठवडाभर नीट बोलली नाही. टेस्टिंगमधला माणूस गोदामात जातो, हे टाउनशिपमध्ये लोकांना सांगायचं कसं, हा तिचा प्रश्न होता, आणि तुम्ही नेहमीसारखे पोळीचा घास घेत होता. मला वाटलं, तुम्ही थकलात. परत येताना रिक्षात मला तुमचा भयंकर राग आला. अजूनही आहे. कसली तुमची ती टेस्टिंगची रीत! मिक्सर आणि मुलगी यांत काही फरक नव्हता का? एक वाक्य सांगायचं होतं: चूक माझी आहे, तुझा कान पक्का आहे, मी दिलेला सा तू पाच वर्षांत एकदाही सोडला नाहीस. कच्च्या कानाची मुलगी कुठेही भरकटली असती, मी दर वेळी एकाच जागी जात होते. हे तुम्हाला कळलं होतं आणि तरी तुम्ही पुन्हा तपासायला थांबलात. मी चिडून हे सगळं मोठ्याने म्हणाले असणार, कारण रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "आंटी, कुछ हुआ क्या?"

राग निवला की मात्र पुन्हा कुतूहल. स्टोअरमध्ये, रॅकच्या मधल्या त्या शांततेत, तुम्ही कान रिकामा होतोय की नाही हे कसं बघायचात? कुणाकडे पेटी होती का? की मंडळाच्या खोलीतली नवी पेटी तुम्ही जाऊन दाबून बघायचात? आई म्हणायची, हल्ली हे संध्याकाळी फिरायला फार जातात. एक सूर विसरायला माणसाला किती दिवस लागतात? मला तर चाळीस वर्षं पुरली नाहीत. आणि एक गोष्ट तुमच्या कानावर घालते, कारण ती तुम्हाला आवडेल. बाईंनी शिकवलं होतं की सा कुठेही धरता येतो, ज्याची त्याची पट्टी. मग तुम्ही दिलेला सा चुकीचा कसा? तो फक्त रेडिओच्या तंबोऱ्याशी जुळणारा नव्हता. मध्ये कुणीतरी दोघांना विचारायला हवं होतं, इतकंच. चार्जर काढला की घूं जाते, हे मी करून बघितलंय. भूगोलाचा धडा स्वच्छ झाला आणि तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "अब ठीक है, अब सो सकते हैं आप।" रोज वाचून झालं की मी चार्जर पुन्हा लावते आणि थोडं गाते. पांढरी पाचच्या जरा वर. दार लावून, पण गाते.

हे कुठे पाठवायचं नाही आहे, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. तुम्ही स्टोअरमध्ये जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवार होता. आई बाहेर गेली होती. तुम्ही माळ्यावरून तंबोरा काढलात, चादर झटकलीत, स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकलीत. मी आतल्या खोलीत होते आणि पडद्याच्या कडेने बघत होते. तुम्ही खूप वेळ लावत होता, पूर्वी कधी लागला नाही इतका. तारा एक झाल्या तेव्हा तुम्ही थांबलात, पुन्हा छेडून ऐकलंत, आणि हाक मारलीत, "ये गं जरा, बघ." तुमचा आवाज मला आठवतो, मिक्सर झाल्यावरचा. मी आतून म्हटलं, "माझं प्रॅक्टिकलचं जर्नल राहिलंय, बाबा." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि थोड्या वेळाने तारा सैल केल्यात. जर्नल पुरं होतं, तुमच्यावर मी रुसलेही नव्हते. मी तो सूर ऐकला होता आणि तो मला उतरलेला वाटला. जरासाच, पण नक्की उतरलेला. मला वाटलं, बाबांचा कान गेला. बाहेर आले असते तर ते माझ्या तोंडावर दिसलं असतं, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी आले नाही.